डब्यात डबा

साखरखेर्ड्याच्या अन्नपूर्णाबाईंचं पत्र आलं तेव्हा वैशाखातलं ऊन होतं. आता आश्विनातली नवमी उजाडली होती आणि त्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं. उत्तमरावांनी ते शब्दकोशात ठेवलं होतं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासताना जो शब्दकोश त्यांच्या हातात असायचा त्यातच. रोज एखाद्या शब्दासाठी तो उघडावा, पाकिटाची कड दिसावी आणि आपण शोधायला आलो होतो तो शब्दच विसरून जावा, असं पाच महिने चाललं होतं.

पत्र त्यांना पाठ झालं होतं. वहीच्या आखीव कागदावर, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं.

"गुणवत्ता प्रमुख साहेबांना नमस्कार. तुमच्याकडून आमच्या बचत गटाने नाव छापलेले दोन हजार डबे घेतले. त्यात कैरीचं लोणचं भरलं. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर रंगाच्या दुकानात येतो तसा वास. तेल नेहमीचं, कैऱ्या नेहमीच्या. बायका म्हणतात, धम्मशीला अडचणीच्या दिवसांत कैऱ्या चिरायला बसली, म्हणून नासलं. ती म्हणते, मी बसले नव्हते. तिचं कोणी ऐकत नाही. तिला गटातून काढायचं ठरवून राहिले. मी अध्यक्ष आहे, पण मी एकटी. वास डब्याचा आहे काय, एवढं एका ओळीत लिहून कळवा. फोनवरचं बायका मानणार नाहीत. लेखी असलं, त्यावर शिक्का असला, तर मी सभेत वाचून दाखवीन. नुकसान भरून मागत नाही. एक ओळ पाहिजे."

गुणवत्ता प्रमुख म्हणजे उत्तमराव. देऊळगाव राजातला जुना छापखाना बंद करून पुतण्या हरिओमनं जालना रोडला प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना काढला, तेव्हा कागदोपत्री विज्ञान शिकलेला माणूस दाखवायचा होता. घरात पदवी एकट्या उत्तमरावांची. खामगावच्या कॉलेजातली, रसायनशास्त्रातली, पन्नास वर्षांपूर्वीची. त्यांनी पुष्कळ नाही म्हणून पाहिलं. पण त्यांचं नाही म्हणणंही इतकं हळू असायचं, की ऐकणाऱ्याला ते हो वाटायचं.

खरं काम हरिओमची बायको डिंपल करायची. लेबलची कल्पना तिची. आधी डब्यावर कागदी स्टिकर लागायचे. त्यांच्या गोंदामुळे भंगारवाला डबे घेईना, ते गावाबाहेरच्या नाल्यात जाऊन पडत. डिंपलनं दोन वर्षं घालवून लेबलही डब्याच्याच प्लास्टिकचं केलं. छापलेला पातळ पापुद्रा आधी साच्यात ठेवायचा, मग वितळलेलं प्लास्टिक आत सोडायचं. दोन्ही एकजीव होऊन डबा बाहेर पडतो. नख लावून लेबल निघत नाही, आणि काम संपल्यावर डबा लेबलासकट दळून पुन्हा वितळवता येतो. शाई मात्र तिनं मुंबईहून मागवली होती, खाण्याच्या वस्तूंच्या डब्यांसाठी असते ती. महाग, आणि यायला वेळ लावणारी.

एप्रिलमध्ये ती शाई आली नाही. डिंपल वडलांच्या आजारपणात अकोल्याला होती. हरिओमनं साधी शाई आणली आणि तिच्या मंजुरीचा कागद काकांपुढे ठेवला. "लेबल बाहेरून, लोणचं आतून. मधी डब्याची भिंत. काय होते?" उत्तमरावांनी विचार केला. बरोबर वाटलं. साच्यातून पडलेला ताजा डबा त्यांनी नाकाशी धरला. वास नव्हता. त्यांनी सही केली.

पत्र आलं त्या दुपारी ते गोडाऊनमध्ये गेले. बाहेर बेचाळीस अंश होते, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथं डब्यांच्या थप्प्या लावलेल्या. कामावरच्या बाया डबे एकात एक घालून पन्नासाची थप्पी करत आणि वरून कागद घट्ट गुंडाळत, म्हणजे जागा कमी लागे. उत्तमरावांनी एक थप्पी सोडली. वरचा डबा खालच्या डब्यात रुतून बसला होता. ओढून काढला तेव्हा त्यांना दिसलं. वरच्या डब्याचं बाहेरचं अंग, छापलेलं, खालच्या डब्याच्या आतल्या अंगाला चिकटून होतं. महिनाभर, त्या उष्म्यात. त्यांनी आत बोट फिरवलं आणि हुंगलं.

रंगाच्या दुकानात येतो तसा वास.

तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशीच. उत्तमरावांनी नंतर स्वतःला कितीही सांगितलं, की आपण तज्ज्ञ नाही, आपलं शिक्षण जुनं, एका नाकावर भरवसा कसा ठेवायचा, तरी ते खरं नव्हतं. शंका हा त्यांचा आयुष्यभराचा आडोसा होता. त्यामागे उभं राहिलं, की कोणी काही विचारत नसे.

उत्तरं त्यांनी लिहिली होती. अकरा. पहिलं होतं, "वास डब्याचा आहे." मग ते स्वतःचंच मुद्रित तपासायला बसले. दुसऱ्यात "डब्याचा असावा" झालं, पाचव्यात "डब्याचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही." अकराव्यात तर वासाचा उल्लेखच राहिला नव्हता.

श्रावणात एकदा ते कोणाला न सांगता साखरखेर्ड्याला गेलेही होते. गटाचं दुकान स्टँडजवळच होतं. अन्नपूर्णाबाई बँकेत गेल्या होत्या. गल्ल्यावरच्या बाईला त्यांनी विचारलं, "लोणचं आहे का?"

"बंद केलं जी लोणचं. एका बाईनं नासवलं."

"त्या बाई... कुठं असतात?"

"धम्मशीला? तिले काढून टाकलं. जालन्याले गेली म्हणतात, कंपनीत. तुमाले पापड देऊ का?"

उत्तमरावांनी अर्धा किलो पापड घेतले आणि परतीच्या एसटीत बसले. तोंडाशी आलेलं वाक्य मेहकर फाट्यापर्यंत तोंडातच होतं. मग तेही गेलं.

आज खंडेनवमी होती. कारखान्यात पूजा.

सकाळी साडेआठला ते पोचले तेव्हा मशिनीला झेंडूचं तोरण चढलं होतं. साच्याच्या जबड्यावर हळदी-कुंकवाची बोटं. पुढे पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पेचकस, कातरी, जुन्या छापखान्यातले अक्षरं जुळवायचे मूठभर शिशाचे खिळे, वजनाचा काटा आणि कारखान्याचा रबरी शिक्का. घरचा नेम वडलांपासूनचा. पूजेत ठेवलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाही. खंडेनवमीला या घरात कधी कोणी खिळा जुळवला नव्हता, की पेन धरलं नव्हतं. बालाजीच्या यात्रेचे भोंगे गावातून इथपर्यंत ऐकू येत होते.

"काका, बरं झालं आले," हरिओम हातात फाइल घेऊन पुढं आला. "इथं एक सही अन् मागं एक. मंग हे पेन पूजेत ठेवून देतो. गुरुजी नऊपर्यंतच थांबतात. त्यायले आणखी चार दुकानं आहेत."

"कशाची सही?"

"पुण्याच्या कंपनीचं. तुपाचे डबे, वर्षभराचं काम. तिथल्या मयुरी मॅडमचा काल रात्री पुन्हा फोन. म्हणे, तुमच्या क्वालिटी हेडचं हमीपत्र तेवढं राहिलं. आत्ता स्कॅन करून धाडतो."

उत्तमरावांनी चष्मा पुसला. उभ्यानंच वाचायला लागले.

"उत्तम, वाचत काय बसला बे?" खुर्चीवरून हरिओमचे वडील अर्जुनराव म्हणाले. सत्त्याहत्तराव्या वर्षीही थोरल्या भावाचा आवाज छापखान्याच्या खडखडत्या ट्रेडल मशिनीवरून हाक मारल्यासारखा होता. "तुह्या वाचण्यात मुहूर्त टळीन. जल्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, आता एक दिवस सुट्टी घे."

डिंपल हसली. "वाचू द्या ना मामाजी. काकांनी वाचलं म्हणजे मला झोप लागते."

ते वाक्य उत्तमरावांना कुठेतरी लागलं. त्यांचं बोट सातव्या कलमावर थांबलं. मजकूर असा होता, की मागील बारा महिन्यांत या कारखान्याच्या लेबलांवर केवळ खाद्यवस्तूंसाठीचीच शाई वापरली आहे, आणि वास, रंग वा चव याबद्दल एकही तक्रार आलेली नाही.

"इथं चूक आहे," ते म्हणाले.

"स्पेलिंग ना? राहू द्या काका. ते पुण्याचे लोक तेवढं पाहत नाहीत."

"स्पेलिंगची नाही."

इतकं बोलून ते थांबले. नेहमी इथंच थांबायचे. लोकही इथं त्यांचं बोलणं संपलं असं धरून पुढं जायचे. हरिओमनं पेन पुढं केलं. उत्तमरावांचा हात उठला, पण पेनाकडे गेला नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशात गेला. तिथं पाकीट होतं. सकाळी निघताना का घेतलं, त्यांनाही सांगता आलं नसतं. पिशवीत वैशाखातले दोन डबे होते, एकात एक घातलेले. तेही त्यांनी बाहेर काढले.

"डिंपल, हे वाच. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. गुरुजी निरांजनात वात घालत होते, त्यांचे हात मंदावले. "एक ओळ पाहिजे" या शब्दांशी डिंपलचा आवाज उतरला. तिनं पत्र उलटून तारीख पाहिली.

"मे महिन्यातलं आहे. आणि मला आज कळतंय?"

तिनं डबे ओढून वेगळे केले, खालच्या डब्यात नाक घातलं आणि तसंच झटक्यात बाहेर काढलं.

"हरिओम, ही माझी शाई नाही."

"एकच लॉट व्हता, डिंपल. तुझी शाई मुंबईले अडकली व्हती. तू अकोल्याले दवाखान्यात. तुले काय सांगाचं तिथं? बाया बसून राह्यल्या व्हत्या मशिनीसमोर."

"फोन होता ना माझ्याजवळ? नाही लावली असती मशीन महिनाभर! बंद ठेवली असती!"

"बोलाले सोपं आहे."

"त्या लॉटचे खराब डबे दळले, तो चुरा कुठं गेला?"

"बादल्या केल्या त्याच्या. खाण्याच्या डब्यात नाही टाकला. एवढी अक्कल आहे मले."

"आणि बाकीचे डबे?"

हरिओमनं गोडाऊनकडे नुसतं पाहिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. हा माणूस खोटारडा नाही हे डिंपलला माहीत होतं. घाईत असला, की तो कोणतीही गोष्ट खरी मानायला तयार होतो, एवढंच. तिनं भिंतीवरच्या खिळ्याची गोडाऊनची किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"हे पाहा," अर्जुनराव खुर्चीत पुढं सरकले. "जे झालं ते झालं. शाई पुन्हा ती येऊन राह्यली का नाही? येऊन राह्यली. मंग आता हमी खरीच आहे. एका पत्राचं काय एवढं? बेचाळीस माणसं या मशिनीवर जगतात, उत्तम. त्यायच्या चुली तुह्या एका सहीवर आहेत."

"दादा, तक्रार आलेली आहे. कागदावर लिहिलंय, आलेली नाही."

"मंग पाच महिने काऊन गप बसला?"

हाच प्रश्न उत्तमराव रोज शब्दकोश उघडताना स्वतःला विचारत. त्यांची मान खाली गेली. हरिओमला वाटलं, झालं. त्यानं आवाज मऊ केला.

"काका, मी स्वतः जातो साखरखेर्ड्याले. दिवाळीच्या आंधी. त्या बाईले नवे दोन हजार डबे देऊन येतो, फुकट. मंग तं झालं? पण लिहून काही देऊ नका. लिहिलेला कागद फिरते. उद्या तोच पुण्याले पोचला तं?"

"ती डबे मागत नाही," उत्तमराव म्हणाले. "त्यांनी एका बाईला काढलं, हरिओम. वास आपला आणि विटाळ तिचा ठरवला."

"ते त्यायच्या गावचं," अर्जुनराव म्हणाले. "बायकायचं लोणच्याचं सोवळं आपण शिकवलं का? त्यायनं काढलं, त्यायनं पाहावं. आपण काढलं का तिले?"

"आपणच काढलं, दादा. मी काढलं."

आत्तापर्यंत अंबूबाई नैवेद्याच्या ताटाशी बसून होत्या. अर्जुनरावांची बायको, या घरात आल्याला बावन्न वर्षं झालेली. त्यांच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीला अजूनही अंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावत नसे. हरिओमनं आशेनं तिकडे पाहिलं.

"आई, तू सांग काकाले. लोणचं नासते का नाही कोणाच्या हातानं?"

अंबूबाईंनी ताटावरचं फडकं नीट केलं. "ते पत्र पुन्हा वाच वं डिंपल. ते, ती बाई काय म्हणे ते."

डिंपलनं शोधलं. "ती म्हणते, मी बसले नव्हते. तिचं कोणी ऐकत नाही."

"हाव," अंबूबाई म्हणाल्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

"मी या घरात आली तवाचा पहिला उन्हाळा," त्या म्हणाल्या. बोलत होत्या डिंपलशी, पाहत होत्या पाटावरच्या शिशाच्या खिळ्यांकडे. "अर्धा मण कैरीची बरणी भरली. महिन्यानं दादरा सोडला तं रॉकेलचा वास. सासूबाईनं साऱ्या आळीले सांगतलं, सुनेनं अडचणीत शिवलं म्हणून. मी सांगे, नाही हो आत्याबाई, मी नाही शिवली. कोणी ऐकत नोतं. तीन वर्षं मले बरणीले हात लावू देला नाही. पंगतीत लोणचं वाढाची पाळी आली, की बाया एकमेकीकडे पाहत. माह्या माहेरपर्यंत गेलं ते."

"ते जुनं काय काढून राह्यली आता?" अर्जुनराव म्हणाले.

"वास कशाचा व्हता, भावजी?"

उत्तमराव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. सुट्टीत छापखान्याचे खिळे घरी आणून पुसायचं काम. रॉकेलची चिंधी. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत काम करताना हातातली चिंधी कुठेतरी टेकवायची म्हणून बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यावर ठेवली, आणि खामगावला निघून गेले. परत आले तेव्हा घरात जे चाललं होतं ते ऐकून खोलीत जाऊन पाहिलं, तर चिंधी नव्हती. नव्हती, म्हणजे कदाचित आपण ठेवलीच नसेल. शंकेचा तो पहिला आडोसा. तो इतका सोयीचा निघाला, की पुढं जन्मभर पुरला.

"चिंधीचा," ते म्हणाले. "खिळे पुसायची चिंधी. मी ठेवली होती."

"माहीत आहे. मीच उचलली व्हती ती. चुलीत टाकली."

"काऊन?" हे अर्जुनरावांनी विचारलं.

"तुमचे वडील भावजीले कॉलेजातून काढून ट्रेडलवर उभं कराले टपून व्हते. एक निमित्त पाहिजे व्हतं त्यायले. म्हटलं, घरात एक जण शिकते तं शिकू द्या. माह्यं काय, आज ना उद्या इसरतीन." अंबूबाईंनी आता पहिल्यांदा दिराकडे सरळ पाहिलं. "त्या शिक्षणावर तुमी आज या कागदावर सही करून राह्यले, भावजी. मी वाट पाहली. एक दिवस तुमी सांगसान म्हणून. सासूबाई गेल्या, मामंजी गेले. तुमी काही सांगतलं नाही."

त्या रडल्या नाहीत. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

अर्जुनराव बायकोकडे असे पाहत होते, जणू बावन्न वर्षं ओळखीच्या दारातून कोणी परकं बाहेर आलं होतं. पण ते काही क्षणच. लगेच त्यांचा जबडा आवळला गेला. कारखान्यासाठी त्यांनी छापखान्याची जागा विकली होती, तिथं आता मोबाइलचं दुकान होतं. मागे जायला वाट नव्हती.

"उत्तम," ते म्हणाले, "मी तुले आजवर कधी काही मागतलं नाही. आज मागतो. सही कर."

हे खरं होतं. दादांनी कधी मागितलं नव्हतं. या भावानंच त्यांना सांभाळलं होतं. लग्न केलं नाही म्हणून टोचलं नाही, काम जमत नाही म्हणून बोललं नाही. उत्तमरावांनी पेन घेतलं. सहीच्या रेघेखाली त्यांचं नाव, पदवी आणि पद टाईप केलेलं होतं, त्यात एकही चूक नव्हती.

"नाही, दादा," ते म्हणाले. "नाही करत."

या वेळी ते हळू म्हणाले नाहीत.

हरिओमनं त्यांच्या हातून पेन काढून घेतलं आणि पाटावर टाकलं. ते शिक्क्याला आपटून खिळ्यांत पडलं. "ठेवा पूजेत! आता कशाले लागते ते? डिंपल, तू कर सही. खरं काम तुझंच आहे."

"माझं आहे म्हणूनच नाही करत," डिंपल म्हणाली. "मयुरी मॅडमला मी फोन करते. एप्रिलचं सगळं सांगते. ठेवायचं काम तर ठेवतील, नाही तर नाही."

"नाही ठेवणार ते."

"नाही ठेवणार," तिनं मान्य केलं. तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षं तिनं त्या पातळ पापुद्र्यासाठी घालवली होती.

पूजा झाली. गुरुजींनी मंत्र घाईनं उरकले, आरतीला टाळ्या तीन माणसांच्याच वाजल्या. नारळ हरिओमनं फोडला. प्रसाद कोणी कोणाच्या हातात दिला नाही, ताटातून ज्यानं त्यानं उचलला. पुण्याला काही गेलं नाही.

उत्तमराव कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. लिहायला दुसरं पेन मिळालं असतं. शिक्का मात्र एकच होता, आणि तो पाटावर, अक्षतांखाली. अन्नपूर्णाबाईंनी लिहिलं होतं, शिक्का असला तर. उद्या दसरा उजाडला, की उचलता येईल. पण उद्या पोस्ट बंद. परवा मग... आपण पुन्हा परवावर आलो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि स्वतःची भीती वाटली.

अंबूबाई उठल्या. पाटाशी गेल्या, वाकल्या. गुडघे दुखतात म्हणून एक हात मशिनीवर टेकवला. दुसऱ्या हातानं अक्षता बाजूला सारून त्यांनी शिक्का उचलला. मग पेनही.

"अंबू," अर्जुनराव ओरडले, "पूजेतलं आहे ते!"

"देव थांबते एक दिवस. ती बाई वैशाखापासून थांबली."

अर्जुनरावांचं लक्ष बायकोवरून भावावर गेलं. ते हळूच म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, "तो शिक्का त्या कागदावर लागला ना उत्तम, तं उद्या सोनं द्याले माह्याकडे येऊ नको."

आपट्याचं पान. सत्तर वर्षांत एक दसरा असा गेला नव्हता, की पहिलं पान उत्तमरावांनी दादांच्या हातात ठेवून वाकून नमस्कार केला नाही. लहानपणी दादाच त्यांना पान तोडून देत आणि पुन्हा स्वतःच ते घेत. उत्तमराव भावाच्या हातांकडे बघत राहिले. शिशानं काळवंडलेली नखं अजून पुरती उजळली नव्हती.

"बरं, दादा," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.

"सौ. अन्नपूर्णाबाई यांना नमस्कार. वास डब्याचा आहे. आम्ही चुकीची शाई वापरली, आणि डबे एकात एक घालून तापल्यामुळे ती आतून लागली. धम्मशीलाबाईंचा यात कोणताही दोष नाही. त्या बसल्या असत्या तरी नसता. लोणचं शिल्लक असेल तर कोणी खाऊ नये, गुरांनाही घालू नये. हे मला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. उत्तर दिलं नाही, हा दोष माझ्या एकट्याचा. त्यांचा पत्ता मिळाला तर हे पत्र त्यांना आधी दाखवावं."

एका ओळीत मावलं नाही. त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं, तर दुरुस्त केलं असतं. सही केली आणि शिक्का उमटवला. शिक्क्याच्या कडेला लागलेलं कुंकू कागदावर उतरलं, कारखान्याच्या नावावरच. पुसायला जावं तर आणखी पसरलं असतं. तसंच घडी घातलं.

डिंपलनं गाडीनं सोडते म्हटलं. ते नको म्हणाले. जालना रोडनं चालत निघाले. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं, मध्येच एखाद्या शेताच्या धुऱ्यावर आपट्याचं झाड आणि त्याला लटकून फांद्या मोडणारी माणसं. गावात यात्रेची गर्दी होती. झेंडू विकणाऱ्या एका बाईनं हाक मारली, "बाबा, उद्यासाठी सोनं घेऊन जा, जुडी दहाले." ते क्षणभर थांबले. मग मान हलवून पुढं गेले.

पोस्टाच्या भिंतीवरची लाल पेटी उन्हानं तापली होती. धम्मशीला जालन्यात कुठं असेल, कोणत्या कंपनीत, तिथं ती कोणाला काही सांगत असेल का, की तीही आता गप बसायला शिकली असेल, हे त्यांना कधी कळणार नव्हतं. अन्नपूर्णाबाई सभेत हे वाचतील तेव्हा बायका मानतील, की म्हणतील, एवढ्या दिवसांनी आलेला कागद कोणाचा कोण जाणे. तेही खरंच म्हणा. आणि उद्या सकाळी दादा दिवाणखान्यात बसतील, लोक येतील, पानं देतील.

त्यांनी पाकीट फटीत घातलं. अर्धं आत गेलं आणि बोटं सोडेनात. कित्येक वर्षांची सवय होती ती. मागे कोणीतरी कसलंसं टपाल घेऊन उभं होतं. ते म्हणालं, "टाका ना बाबा, माही बस आहे."

उत्तमरावांनी बोटं सोडली. आत पाकीट पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामीच होती.